केसांना रंग लावून वकिलाकडे

गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पार्लरवाल्या ताईंचा हात लोण्यासारखा आणि जीभ कात्रीसारखी. भुवया कोरताना दोऱ्याचं एक टोक दातात धरावं लागे, तेवढीच काय ती त्या जिभेला सुट्टी. दोरा सुटला की गप्पा सुरू. पूर्वी त्या गप्पा सासवांवर आणि नवऱ्यांवर चालायच्या. पण लेक वकील झाली, घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद बघायला लागली आणि पार्लरचा विषयच बदलला.

लेकीचं शिक्षण ताईंनी दोन खुर्च्या, एक आरसा आणि एक गळका नळ एवढ्या भांडवलावर केलं होतं. स्वतः त्या शाळेत फार रमल्या नव्हत्या. जे काय शिकल्या ते लोकांची डोकी धुता धुता. त्यामुळे मोठ्या वकिलांच्या दाराशी, त्यांच्या पाटीखाली, लेकीच्या नावाची जरा लहानशी पितळी पाटी लागली, तेव्हा ताईंनी आरशाच्या कोपऱ्यात एक फोटो चिकटवला. लेकीचा नव्हे, पाटीचा.

मग काय, येणारी प्रत्येक जण विचारायचीच, "हे काय हो?"

आणि तिने विचारलं की ती गेलीच कामातून.

"आमचं घराचं कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचंय, ताई," एखादी म्हणे. "तिथे व्याज कमी पडतंय. परत वकील लागतो का हो?"

"लागतो म्हणजे? जुनी बँक तुमच्या घराचे कागद मांडीखाली घेऊन बसलीय. ती उठल्याशिवाय नवी बसणार कुठे? तिला उठवायला वकील लागतो. मान खाली."

"आणि दिवस किती लागतात?"

"बँकेला जाग यायला लागतील तितके."

"आणि नवं घर घेतलं तर किल्ली कधी हातात?"

"सही झाली, पैसे पोचले, मग किल्ली. आधी पैसे दे, किल्लीचं बघू म्हणणाऱ्यापासून चार हात लांब. डोळे मिटा, साबण जाईल."

यातलं बहुतेक सगळं बरोबर असायचं, कारण ते लेकीचंच असायचं. रात्री जेवताना ती दिवसभराचं काही बाही सांगे आणि ताई तिच्या तोंडातलं वाक्य ऊन ऊन उचलत. अडचण एवढीच, की वाक्य पूर्ण होईपर्यंत दम धरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. चांगलं काही कानावर पडलं, की ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे.

"तू एक फी लाव आता," नवरा म्हणायचा. "केस कापायचे एवढे, केस लढवायचे एवढे."

"जळा तुम्ही," ताई म्हणायच्या, पण गालात हसायच्या.

दवाखान्यातली नर्स ही त्यांची जुनी गिऱ्हाईक. बाई एकटी, कामाला वाघ, पण अर्धं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढलेलं. कुठे घरमालकीण भिंतीला खिळा ठोकू द्यायची नाही, कुठे पाहुणा आला की जिन्यात खोकायची. अखेर तिला एक घर मिळालं. पुढे दोन खोल्या, मागे छोटं अंगण, अंगणाच्या कडेला एक सुटी खोली. भांडी घासायच्या जागेसमोर खिडकी आहे, हे तिने ताईंना चारदा सांगितलं. भांडी घासताना बाहेर बघता येणार, याचंच तिला कोण अप्रूप. कागदाचं काम अर्थातच ताईंच्या लेकीकडे दिलं होतं. मोठ्या वकिलांनी लेकीच्या हाती एकटीला सोपवलेलं हे पहिलंच काम.

"एकच गोष्ट मनात येते, ताई," केस विंचरून घेताना नर्स म्हणाली. "मागच्या खोलीत त्या माणसाची म्हातारी आत्या राहते. मी दुसऱ्यांदा घर बघायला गेले तेव्हा तिने पाणी दिलं मला. तो म्हणतो, ती जाणार आहे. पण काही भानगड नाही ना होणार?"

ताईंनी कंगवा हवेतच थांबवला. असे प्रश्न त्यांना फार आवडत.

"हे बघा, नर्सबाई. माणसं कागदावर येत नाहीत. हे माझं नाही, आमच्या वकीलबाईंचं वाक्य आहे. कागदावर नाव कोणाचं?"

"त्या माणसाचं एकट्याचं."

"मग झालं तर! कागद स्वच्छ तर घर स्वच्छ."

नर्सच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं ताईंना आरशात दिसलं. दिवसभर त्या स्वतःवर खूश होत्या.

नंतर सहीचा दिवस ठरला. आदल्या दुपारी नर्स केस रंगवायला आली. नव्या घरात पांढरे केस घेऊन नाही जायचं, म्हणाली. ताईंनी वाटीत रंग कालवला, तिच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला आणि एकेक बट उचलून रंग लावायला घेतला. निम्मं डोकं झालं असेल.

"काल पडद्यांची मापं घ्यायला गेले होते," नर्स म्हणाली. "तर आत्याबाई माझा हात धरून काय म्हणाली असेल? 'बाई, तुम्ही मला कुठल्या खोलीत ठेवणार?'"

"म्हणजे?"

"भाच्याने तिला सांगितलंय म्हणे, की घर घेणारी बाई नर्स आहे, ती तुझं सगळं बघेल. मी आपली हसले आणि निघाले. पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शेवटी तुमचं बोलणं आठवलं, मग जरा बरं वाटलं. मॅडमनी मागे फोनवर विचारलंही होतं, घरात आणखी कोणी राहतं का म्हणून. मी म्हटलं, नाही. उगीच कशाला फाटे फोडायचे? आणि तुम्ही तर सांगितलंच होतं."

ताईंचा ब्रश जागच्या जागी थांबला. रंगाचा एक थेंब टॉवेलवर पडला, पसरला.

लेकीने विचारलं होतं. ज्या गोष्टीला काडीची किंमत नाही, ती गोष्ट आपली लेक विचारेल कशाला? तिला लहानपणापासून वायफळ बोलायची सवय नाही. त्या बाबतीत ती बापावर गेली होती. म्हणजे घरात कोण राहतं याला किंमत होती. आणि आपण तिचंच नाव सांगून या बाईचं तोंड बंद केलं होतं.

उद्या सही. उद्या या बाईची आयुष्यभराची कमाई त्या भाच्याच्या खिशात जाणार आणि हिच्या अंगणात एक म्हातारी बसलेली असणार, मला कुठे ठेवताय म्हणत. आणि पाटी कोणाची जाणार? ती आरशातली. जेमतेम लागलेली.

एक सोपी वाट होती. लेकीला फोन करून नुसतं म्हणायचं, "अगं, त्या घरात एक आत्या आहे म्हणे, बघ बाई." आपलं नाव कुठेच येणार नाही. ताईंनी फोन हातात घेतलासुद्धा. मग आरशात नर्सचं अर्धं काळं, अर्धं पांढरं डोकं दिसलं आणि त्यांनी फोन खाली ठेवला.

"उठा."

"कुठे?"

"वकिलाकडे."

"अहो ताई, डोक्याला रंग लागलाय माझ्या!"

"टोपी चढवा. वाळायच्या आत पोचू."

प्लॅस्टिकची टोपी, खांद्यावर डागाळलेला टॉवेल, पुढे ताई आणि मागे नर्स, अशी वरात भर रस्त्यातून निघाली. औषधाच्या दुकानदाराने नर्सला ओळखलं आणि काही बोलायला तोंड उघडलं. "आजारी नाही कोणी," ताईंनी चालता चालता बजावलं. "घर घेतोय."

ऑफिसात दोन-तीन माणसं बाकावर बसली होती. मोठे वकील दारातच उभे होते. त्यांनी चष्म्यावरून टोपीकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं, मग म्हणाले, "ताई, धुवायची वेळ झाली की सांगा. आमच्याकडे मागे नळ आहे." आणि लेकीच्या खोलीचं दार उघडून धरलं.

लेक टेबलामागे बसली होती. ताई या खोलीत याआधी एकदाच आल्या होत्या, पाटी पुसायच्या निमित्ताने. आज लेकीने दोघींकडे पाहिलं आणि हसली नाही की दचकली नाही. "बसा," म्हणाली. आणि स्वतः टेबलामागून उठून त्यांच्या बाजूच्या खुर्चीत येऊन बसली.

ताईंनी सगळं सांगितलं. आत्या, भाचा, पाणी, पडदे. आणि आपण काय म्हणालो तेही, शब्दाला शब्द. नर्सने मध्येच तोंड घातलं, "नाही हो, त्यांचा काही दोष नाही, मीच—" तर ताईंनी तिला गप्प केलं. "दोष माझा आहे, तो मला सांगू द्या. तुम्ही टोपी सांभाळा."

लेक आईकडे वळली.

"आई, मी त्या रात्री काय म्हणाले होते, ते पूर्ण सांगू?"

"सांग बाई."

"माणसं कागदावर येत नाहीत, म्हणून घर डोळ्यांनी बघावं लागतं, आणि तिथे जो कोणी राहतो त्याला विचारावं लागतं, की तुम्ही इथे कशाच्या जोरावर राहता. कारण कधी कधी कागदावर नाव नसलेल्याचाही घरात हक्क असतो."

"एवढं सगळं म्हणालीस? मग मी कुठे होते?"

"तू 'कागदावर येत नाहीत' इथेच ताटावरून उठलीस. शेजारच्या काकूंना फोन लावायला. मुलगी काय सुंदर बोलते, ते सांगायला."

नर्सला रडू आलं होतं, त्यातही तिला हसू फुटलं. ताईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"पण चूक माझीही आहे," लेक म्हणाली. "मी घर बघायला गेले तेव्हा मागच्या खोलीला कुलूप होतं. सामानाची खोली आहे, असं भाचा म्हणाला. मी कुलूप उघडायला लावायला हवं होतं. मी फोनवर विचारून समाधान मानलं." मग ती नर्सकडे वळली. "हे घर तुम्हाला मिळेलच असं आज मी सांगू शकत नाही. पण आंधळेपणाने सही मी तुम्हाला करू देणार नाही."

"तो म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे," नर्स कळवळून म्हणाली. "घर गेलं तर?"

"गेलं तर वाईट वाटेल. फसलात तर त्याहून वाईट."

मागच्या नळावर ताई नर्सचं डोकं धुऊ लागल्या. पाणी काळं होऊन वाहत होतं. पलीकडे भिंतीआड लेकीचा फोनवरचा आवाज येत होता. चढलेला नव्हता, पण जागचा हलतही नव्हता. "उद्या सही होणार नाही... नाही, पुढे ढकललेली नाही. थांबवली आहे... हो, दुसरं गिऱ्हाईक असेल तर त्यांच्याही वकिलाला आत्याबाईंबद्दल सांगावं लागेल तुम्हाला... मी आज संध्याकाळी येते आहे. खोली उघडी असू द्या."

"ऐकलंत?" ताई नर्सच्या कानात कुजबुजल्या. वाक्य पूर्ण झाल्यावर.

संध्याकाळी लेक निघाली तेव्हा ताई दारात चपला घालून उभ्या होत्या.

"तू कशाला?"

"मी नुसती बसेन."

"एका अटीवर. बोलायचं नाही."

"एक शब्द नाही."

"तुझा एक शब्द केवढा असतो ते मला माहीत आहे, आई."

मागची खोली लहान पण लख्ख होती. एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर घडी करून टाकलेली दोन लुगडी. आत्याबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या. भाचा दाराच्या चौकटीत हाताची घडी घालून उभा. लेकीने त्याला शांतपणे सांगितलं, "तुम्ही पुढच्या खोलीत बसा. तुमच्याशी नंतर बोलते." तो काही म्हणणार होता, पण गेला.

मग लेक पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली आणि पहिलंच वाक्य बोलली ते असं: "आत्याबाई, मी तुमची वकील नाही. मी घर घेणाऱ्या बाईंची वकील आहे. तेव्हा मला जे सांगाल ते जपून सांगा. तुम्हाला वेगळी वकील करायचा हक्क आहे. मी दोघी-तिघींची नावं देते, त्यातली तुम्ही निवडा."

ताई मनात म्हणाल्या, अगं बाई, हे कशाला सांगायचं? आयती म्हातारी बोलायला बसलीय! पण तोंड मिटूनच ठेवलं. आणि आत्याबाईंचे ताठ खांदे त्याच क्षणी सैल झालेले त्यांना दिसले. खुर्चीत बसलेल्या बाईचे खांदे कधी सैल होतात, हे ताईंना पाठ होतं. ती बाई आता खरं बोलणार.

"ही खोली मी बांधली," आत्याबाई म्हणाल्या. "बिस्किटांच्या कारखान्यातून सुटले तेव्हा जे हातात आलं ते भावाला दिलं. तो म्हणाला, मागे बांध, मरेपर्यंत राहा. गवंड्याच्या हाताखाली विटासुद्धा मी दिल्यात. भाऊ गेला. या पोराला सगळं ठाऊक आहे."

"तुम्हाला इथेच राहायचंय?"

आत्याबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न कानाला नवा होता.

"छे! कशाला राहू? हा बोलत नाही, त्याची बायको बघत नाही. कारखान्यातली माझी मैत्रीण आहे, तिच्या घरी वरची खोली रिकामी आहे. कधीची बोलावतेय. पण मी तिच्याकडे आश्रितासारखी जाणार नाही. माझ्या खोलीचं जे काय असेल ते माझ्या हातात आलं पाहिजे, आणि विकताना माझी सही घेतली पाहिजे. मला सामानात धरून विकायला निघाला हा! नर्स बघेल म्हणे!"

पुढच्या खोलीत भाचा तयारच होता. "वकीलबाई, कागदावर नाव माझं एकट्याचं आहे!"

"आहे ना," लेक म्हणाली. "म्हणूनच त्यांनी हक्क सोडल्याची सही लागेल. त्यांचा वाटा त्यांच्या वकिलांमार्फत ठरेल आणि थेट त्यांना जाईल. त्यानंतर माझ्या बाई पैसे देतील. हे नको असेल तर आम्ही आत्ता उठतो, आणि पुढचं गिऱ्हाईकही याच खोलीशी येऊन अडेल."

"माझ्याच घरात मलाच अटी!"

"तुमच्या घरात नाही, काका. तुमच्या आणि आत्याबाईंच्या."

तो तणतणला, कोणाकोणाला फोन करतो म्हणाला, एक फोन केलाही. फोनवरच्या माणसाने काय सांगितलं कोणास ठाऊक. पण ठेवल्यावर आवाज एक पट्टी उतरला होता.

पुढचे दिवस नर्सचे कसे गेले ते तिचं तिला माहीत. रोज ड्यूटीवरून परतताना ती पार्लरमध्ये डोकावायची, आणि ताई म्हणायच्या, "मला काही माहीत नाही. मॅडमना विचारा." हे म्हणताना त्यांच्या जिवाची काय तगमग होई, सांगता सोय नाही. मध्ये एकदा भाचा फिरला, पुन्हा वळला. आत्याबाईंनी निवडलेली वकील पोरसवदा पण कडक निघाली. तिने वाटा जरा वाढवूनच घेतला. आणि एका सकाळी सगळे नोंदणीच्या कचेरीत हजर झाले. ताईही आल्या होत्या. बोलावलं कोणी नव्हतं, पण पार्लरला त्या दिवशी पाण्याचा तुटवडा होता, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

आत एकेकाची सही, एकेकाचा फोटो. नर्सने सावकाश, नीट सही केली. भाच्याने फराटा मारला. मग पुकारा झाला, आणि आत्याबाई बाकावरून हलेनात.

"काय झालं?" लेक त्यांच्यापाशी गेली.

"फोटो काढणार ना? कायमचा राहणार ना तो सरकारात? माझे केस बघ कसे झालेत वाऱ्याने. मी अशी नाही येणार."

ताईंची पर्स उघडीच होती. कंगवा, चार आकडे, चपट्या डब्यातलं मेण. त्यांनी आत्याबाईंना भिंतीकडे वळवून बसवलं आणि विरळ, रुपेरी केसांतून हलक्या हाताने कंगवा फिरवायला सुरुवात केली.

"अहो, हे काय चाललंय?" कारकून खिडकीतून ओरडला. "मागे रांग आहे. या बाई कोण? यांचा व्यवहारात काय संबंध?"

ताईंचा हात थबकला. सवयीने उत्तर जिभेच्या टोकावर आलं होतं: मी वकिलांची आई. पण ते उत्तर आज आपण द्यायचं नाही, असं त्यांना वाटलं. लेकीचं काम चालू होतं, त्यात आपली ओळख कशाला?

"त्या माझ्या आई आहेत," लेक म्हणाली. कचेरीत तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला, आणि रांगेतली माणसं वळून बघू लागली. "सही करणाऱ्या बाईंची तयारी चालू आहे. त्यांना कोणी घाई करायची नाही. आई, तुझं होऊ दे नीट."

कारकून पुटपुटला आणि त्याने पेन खाली ठेवलं.

ताईंनी घाई केली नाही. एकेक बट बोटाला गुंडाळून मागे नेली, अंबाडा घट्ट घातला, आकडे लावले, कानामागचा एक चुकार केस मेणाने बसवला. डोळ्यांसमोर जरा धूसर झालं होतं, पण हाताला सवय होती. मग पर्समधला छोटा आरसा त्यांनी आत्याबाईंसमोर धरला.

आत्याबाईंनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. पदर खांद्यावर सारखा केला आणि उठल्या.

"चला," त्या लेकीला म्हणाल्या. "कुठे करायची सही?"